बरं

दुपारी बहिणीचा मेसेज आला, 'रविवारी नाही जमत रे बाळ्या, पुढच्या आठवड्यात येते.' मी लिहिलं, 'बरं.' दोन मिनिटांत उत्तर, 'चिडलास ना?'

चिडलो नव्हतो. पण पुन्हा वाचलं तर ते 'बरं' मलाही जरा फुगलेलंच दिसायला लागलं. तोंडानं म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता. आमच्या घरात 'बरं'चे कितीतरी प्रकार होते. आईचं आखूड, पाडलेलं 'बरं' म्हणजे विषय संपला. शेवट उचललेलं 'बरंऽ?' म्हणजे पुढे बोल, आणि काहीतरी लपवतोयस हे मला कळलंय. बाबांचं नाकातलं 'बरं' म्हणजे त्यांनी ऐकलेलंच नाही.

स्वर चुकला की काय होतं, ते आजोबा वृत्राच्या गोष्टीतून सांगायचे. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, तोच वृत्र. यज्ञात 'इंद्रशत्रु' म्हणताना उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटच्या अक्षरावर हवा, तो पडला पहिल्यावर. 'इंद्राला मारणारा'च्या जागी 'इंद्र ज्याला मारणार तो' असा अर्थ झाला आणि वृत्र गेला. अक्षर एकही चुकलं नव्हतं. आम्ही शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचे, त्यामुळे वेद म्हणताना स्वर हातानेही दाखवायचे. आजोबा माझं मनगट धरून अनुदात्ताला, म्हणजे खालच्या स्वराला, खाली न्यायचे, उदात्ताला वर. मुंजीनंतर महिनाभर हात दुखला एवढं आठवतं. मंत्र गेले.

पाढे राहिले, कारण ते कुणी शिकवले नाहीत, नुसते गायले. आजही कुणी मध्येच 'एकोणीस सक?' विचारलं तर मी गप्प. पण मनात 'एकोणीस पंचे पंच्याण्णव' म्हणून चाल पकडली, की 'एकोणीस सक' वर चढतं आणि 'चौदोदरसे', म्हणजे एकशे चौदा, आपोआप खाली उतरतं. दुकानदार समोर हिशेबाला थांबलेला असतो आणि मी ओठ हलवत असतो. बायको म्हणते, जप करतोयस का.

कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा पाणिनीचं एक सूत्र भेटलं, 'दूराद्धूते च'. लांबून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत होतो, म्हणजे तीन मात्रांचा. सर ते फार गंभीरपणे समजावत होते आणि मला हसू आवरेना. मला वाड्यातला नळ दिसत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून वाकलेली आई. 'बाळ्याऽऽऽ'. तिचं तीन मात्रांत भागायचं नाही. पहिल्या हाकेचा शेवट खाली यायचा, त्याकडे लक्ष द्यायचं कारण नव्हतं. दुसरीचा वर जायचा, म्हणजे ताट वाढलंय. तिसरी लांब नसायचीच. शाळेतलं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, तोडून तोडून. तेव्हा गोट्या तिथेच टाकून जिना गाठायचा.

शेवटी बहिणीला फोनच लावला. म्हटलं, 'अगं, बरं म्हणजे नुसतं बरं.'

'बरं,' ती म्हणाली. आखूड, पाडलेलं.

मला बाळ्या म्हणणारी आता तीच एक उरलीय. तेही बहुतेक वेळा टाईप करून.