चिऱ्याच्या घरात वायफाय बसवताना

गणपतीला गावी गेले तेव्हा बघितलं, आईचा फोन वाजला की ती हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातून ओटीकडे चालायला लागायची, कारण नेट फक्त ओटीवर. घरात फायबर आलेलं आहे, ५० एमबीपीएसचा प्लॅन आहे, दर महिन्याला पैसे भरतोय आणि जिथे ती दिवसाचे आठ-दहा तास असते तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा साधा फोटो उघडत नाही. मला खरंच वाईट वाटलं. मग त्या सुट्टीत आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत जे जे केलं ते इथे लिहून ठेवतेय, कोकणात जुन्या घरात नेट घेणारे खूप जण आहेत आणि सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने हीच आहे.

आमचं घर देवरुखच्या पुढे, जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं. ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि मधल्या भिंती दीड-दीड फुटाच्या. मोबाईलची रेंज म्हणाल तर अंगणातल्या आंब्याखाली दोन कांड्या, घरात शून्य. त्यामुळे फायबर आलं तेव्हा सगळे खूश होते. नेट बसवायला आलेल्या मुलाने खांबावरून वायर ओढली, ओटीच्या खिडकीतून आत घेतली आणि खिडकीच्या बाजूलाच खिळा मारून वायफायचा डबा लटकवला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, वायर तिथे आली. पण घराच्या एका टोकाला डबा लावला की अर्धं वायफाय अंगणात जातं आणि उरलेल्याला तीन भिंती पार करायच्या असतात.

फोनवर एक फुकटचं अ‍ॅप टाकून मोजलं. ओटीवर उणे ४५, माजघरात उणे ६९, स्वयंपाकघरात उणे ८४. हे आकडे डीबीएममध्ये असतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं, साधारण उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि ८० च्या पलीकडे फोन नुसता वायफायचं चिन्ह दाखवत बसतो, काम काही करत नाही. आणि हे कोरड्या भिंतीचे आकडे नव्हेत हं, भाद्रपदात चिरा पाणी पिऊन बसलेला असतो आणि पाणी हे सिग्नल शोषून घेतं, मी मे मध्ये परत मोजलं तेव्हा माजघरात पाच-सहाचा फरक होता.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी पुण्याहून चार अँटेनांचा, वायफाय ६ वाला, साडेतीन हजारांचा राउटर घेऊन गेले आणि ओटीवर त्याच जागी लावला. स्वयंपाकघरात उणे ८४ चं झालं उणे ८१. बस्स. हे असं का होतं त्याचा विचार आपण करत नाही. एक तर राउटरने किती जोरात सिग्नल सोडायचा यावर सरकारी मर्यादा असते, महागातला घेतला म्हणून तो दुप्पट जोर लावत नाही. आणि दुसरं म्हणजे वायफाय दोन्ही बाजूंनी बोलणं आहे. राउटरची हाक समजा स्वयंपाकघरात पोचली तरी आईच्या फोनची हाक उलटी ओटीपर्यंत पोचायला हवी ना, आणि फोनचा आवाज लहानच, त्याला आपण अँटेना लावू शकत नाही. समोरच्या डोंगरावरून कोणी भोंगा लावून ओरडला तर आपल्याला ऐकू येईल, पण आपण दिलेली ओ त्याला कशी ऐकू जाणार.

मग चुलतभावाने बाजारातून प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणला, म्हणजे आलेलं वायफाय ऐकून पुढे पाठवणारा छोटा डबा. त्याने कांड्या फुल दिसायला लागल्या आणि स्पीड ४ एमबीपीएस. कारण तो स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणजे निम्मा वेळ ऐकण्यात गेला, आणि आम्ही तो लावला होता स्वयंपाकघरात, जिथे त्यालाच मुळात तुटक ऐकू येत होतं. रिपीटर लावायचाच असेल तर निम्म्या वाटेवर, जिथे अजून चांगली रेंज आहे तिथे लावा, नेट नाही तिथे नको.

शेवटी उपाय सापडला तो वायरचा. नेट बसवणाऱ्या मुलालाच फोन केला, तो म्हणाला, "ताई, भिंतीतून वायफाय नाही जायचं, वायर जाईल." अगदी खरं बोलला. २० मीटर कॅट ६ केबल, म्हणजे नेटची लॅन केबल, घेतली, ओटीवरच्या डब्यातून निघून माळ्यावरून, वाशांच्या कडेकडेने, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराच्या वर उतरवली आणि तिथे दुसरा साधा राउटर लावला, १,४५० रुपयांचा. साडेतीन हजारांचा मी पुण्याला परत आणला, फ्लॅटमध्ये तो मस्त चालतोय. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते त्यामुळे लांबीची काळजी नको, फक्त दोन्ही टोकांचे क्लिप नीट क्रिम्प करून घ्या आणि केबल तांब्याची आहे का बघा, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते ती नको.

दुसरा राउटर जोडताना सगळ्यात जास्त घोळ होतो. आपला फायबरचा डबा, ज्याला गावात सगळे मोडेम म्हणतात, तो खरं तर ओएनटी असतो आणि बहुतेक वेळा राउटरचं कामही तोच करत असतो, घरातल्या प्रत्येक फोनला नंबर तोच वाटतो. आता दुसऱ्या राउटरनेही नंबर वाटायला सुरुवात केली की घरात दोन वाटपे होतात आणि एका राउटरवरचा फोन दुसऱ्यावरच्या टीव्हीला शोधू शकत नाही. म्हणून नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर डीएचसीपी, म्हणजे हे नंबर वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि ओएनटीचाही तोच असेल तर नव्याचा १९२.१६८.१.२ करायचा, आणि केबल वॅनच्या (बाहेरून नेट आत घ्यायच्या) पोर्टात न घालता लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात घालायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला म्हणजे आईला काही निवडायला लागत नाही, चालत चालत आत गेली की फोन आपोआप दुसऱ्यावर जातो. कधीकधी फोन जुन्यालाच चिकटून राहतो, तो निर्णय फोनचा असतो, वायफाय बंद-चालू केलं की सुटतो. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, त्यातल्या २.४ वर एकाला चॅनल १ दिला आणि दुसऱ्याला ११, १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत म्हणून.

पुण्यात मात्र अडचण उलटी. तिथे माझ्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची पंचवीस-तीस वायफाय दिसतात, २.४ वर नुसता बाजार भरलेला असतो, त्यामुळे तिथे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा ड्युअल बँड राउटर घेऊन ५ गिगाहर्ट्झ वापरण्याला पर्याय नाही. ५ भिंतीतून कमी जातो हे तिथे चांगलंच, शेजाऱ्याचाही आपल्याकडे कमी येतो. गावात शेजारचं घर दोनशे पावलांवर, तिथे २.४ रिकामं पडलंय आणि भिंतीतून तेच बरं जातं. म्हणून कोणी विचारलं की कुठला राउटर घेऊ तर मी आधी विचारते घर कसलं आहे. दुकानात खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं ते २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून गोल केलेलं असतं, एका फोनला तेवढं कधीच मिळत नाही. त्यापेक्षा मागचे पोर्ट गिगाबिट आहेत का ते बघा. बऱ्याच स्वस्त राउटरांना १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात, आमच्या ५० च्या प्लॅनला ते पुरलं, पण २०० चा प्लॅन असेल तर अर्धे पैसे वाया.

पासवर्डचं थोडक्यात. डब्याखालच्या स्टिकरवरचा अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय, बंद करा, सिक्युरिटी (वायफायच्या कुलपाचा प्रकार) डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवा कारण नुसतं ३ ठेवलं की जुने टीव्ही जोडले जात नाहीत. गणपतीत वीस पाहुणे येतात, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू केलं.

लाईटचा प्रश्न तर कोकणात सगळ्यात मोठा. पावसाळ्यात लाईट गेली की नेट गेलं आणि त्याचवेळी मोबाईलची उरलीसुरली रेंजही जाते. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो दोन्हीकडे लावलाय, तीन-चार तास निघतात. घेताना अ‍ॅडाप्टरवरचा आकडा वाचा, आमचा ओएनटी १२ व्होल्टचा आणि दुसरा राउटर ९ चा निघाला, ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. आणि फायबरमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे, खांबावरच्या ज्या डब्यात एका फायबरच्या अनेक फांद्या होतात त्याला वीज लागतच नाही, तिथे नुसता उजेड वाटला जातो, त्यामुळे तालुक्याला नेट कंपनीच्या मशीनला बॅकअप असेल तर पूर्ण गावात अंधार असताना आमच्याकडे नेट चालू असतं. बाबांच्या फोनवर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून साधा फोन लागायची सोय, चालू करून दिलंय, आता फोन साधा लागतो, बँकेचा ओटीपीही घरात बसून येतो, त्यासाठी आंब्याखाली जायला लागत नाही.

आईला दोन गोष्टी शिकवल्या. डब्यावरचा एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल लाईट लागला की डबा बंद-चालू करत बसायचं नाही, त्याचा अर्थ वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली, सरळ त्या मुलाला फोन करायचा. आमच्याकडे हे वानरांमुळे होतं, कौलांवरून उड्या मारताना वायरीला लटकतात. आणि दुसरं, गडगडायला लागलं की प्लग काढायचा. फायबर म्हणजे काचेची तार, काच वीज वाहत नाही, पण त्या वायरीला आधाराची तार असते आणि शिवाय अ‍ॅडाप्टर लाईटच्या लाईनवर असतोच.

आता राहिलाय गोठा. बाबांना तिथे कॅमेरा हवाय, रात्री गाय विणार असली की बघायला. घरातून गोठ्यापर्यंत उघड्यावरून लॅन केबल टाकायला सगळे सांगतायत पण मी टाकणार नाही, विजेच्या दिवसांत ती तांब्याची तार घरातली सगळी यंत्रं घेऊन जाईल. त्या मुलाशी बोलणं झालंय, मे मध्ये जमिनीतून पाईप टाकून तिथेही फायबरच न्यायचं आहे, साधारण ३५ मीटर आहे. बाबांनी चर खणायला सुरुवातसुद्धा केली.