उद्यानातली नवी नोकरी

उद्यानात स्वयंसेवकांचं काम बघायची नवी नोकरी लागलीये. आज सुट्टी, त्यामुळे तुफान गर्दी. कुणी हातमोजे मागतंय, कुणी खुरपं. रोपं लावायला सगळे एका पायावर तयार, तण काढायला मात्र पटकन कुणी पुढे येत नाही. खरं तर रोप जगतं ते नंतरच्या निगराणीवरच!

एक आजोबा मात्र आळ्याशेजारी मांडी घालून बसले आणि शाळकरी पोरांना दाखवत होते, "पालापाचोळा खोडाला चिकटवायचा नाही रे, चार बोटं जागा सोडायची. नाहीतर साल कुजते." मग काय, पोरं प्रत्येक खोडाला बोटं लावून मोजत सुटली. इतकं बरं वाटलं बघून! पुढच्या वेळी नव्या लोकांना आजोबांच्याच गटात देणार आहे. त्यांना विचारलंयसुद्धा, लगेच हो म्हणाले.