तक्रारी : शून्य

सलग पाच आठवडे मी अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असं लिहिलं आणि खाली सही केली. सहाव्या आठवड्यात तक्रारपेटी उघडायला गेले, तर किल्लीच फिरेना. कुलूप गंजलं होतं. पूर ओसरल्यावर मदतछावणी उभी राहिली त्या दिवशी टांगलेली पेटी, नंतर कुणी उघडलीच नव्हती. चिठ्ठ्या असल्या तर वाटपवाला आणून देईल, असं मी धरून चालले होते. आणि तक्रारींचं काम माझ्याकडे होतं, हे विशेष.

सुताराकडून कुलूप तोडून घेतलं. आत दोन चिठ्ठ्या. एकीचा ओलीनं लगदा झालेला. दुसरीवर पेन्सिलीनं एवढंच : ‘दाराला आतून कडी लावा.’

दार म्हणजे शौचालयाचं, हे कळायला वेळ लागला नाही. आपत्तीतल्या मदतकामासाठी ‘स्फिअर’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकांचं पुस्तक आहे. त्याप्रमाणे जास्तीत जास्त २० माणसांमागे एक शौचालय लागतं. आमच्याकडे १९ माणसांमागे एक होतं आणि हा आकडा मी दर अहवालात पहिल्या पानावर टाकायचे. आतून कडी हवी, रात्री उजेड हवा, हेही त्याच पुस्तकात आहे. पण आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

जाऊन पाहिलं. वाऱ्यानं दारं आपटतात म्हणून कड्या बाहेरून बसवलेल्या. आतून काहीच नाही. दाराच्या आतल्या बाजूला खालच्या अंगाला एक खिळा आणि त्याला फडक्याची चिंधी बांधलेली. बसल्या बसल्या ती मुठीत धरून दार ओढून ठेवायचं. चिंधीचं टोक धरून धरून काळं पडलं होतं. शेजारच्या दाराला एक मुलगी पाठ लावून उभी होती. मला बघून म्हणाली, “आत आई आहे.”

पाण्याच्या टाकीजवळ बायका रांगेत होत्या. त्यांतल्या एका मावशींना विचारलं, “इतके दिवस सांगितलं का नाही?”

“पेटी कुठं टांगलीय ते बघा की, ताई. ज्याच्या हातात यादी, त्याच्याच खुर्चीमागं. चिठ्ठी टाकताना त्यानं बघितलं आणि पुढच्या वाटपात नाव गाळलं, तर? आणि लिहायला येतंय कितीजणींना?”

मी गप्प. मग त्यांनीच विचारलं, “तुम्ही हिशोब कुणाला देता?”

“देणगीदारांना,” मी पटकन बोलून गेले.

“मग बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ सालची आचारसंहिता आहे. तिच्या दहा कलमांपैकी नववं सांगतं की ज्यांच्याकडून आपण मदत घेतो आणि ज्यांना ती पोचवतो, त्या दोघांनाही आपण उत्तरदायी आहोत. नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हे कलम मीच मोठ्यानं वाचून दाखवते. तोंडातून मात्र निम्मंच आलं.

कड्यांसाठी खर्चाचं शीर्ष सापडेना. शेवटी ‘किरकोळ दुरुस्ती’त घातल्या आणि चार दिवसांत बसल्या. पेटी मी काढूनच टाकली. त्याऐवजी आम्ही दोघी सहकारी रोज तासभर टाकीजवळ वही घेऊन बसू लागलो. कुणी बोललं की लिहायचं, त्यावर काय झालं ते तिथंच येऊन सांगायचं, आणि ती वही यादीवाल्याच्या हाती द्यायची नाही.

पुढच्या अहवालात ‘तक्रारी : ३१’ असं गेलं. मुख्य कार्यालयातून लगेच फोन. “एकदम इतक्या? छावणीत काही बिघडलंय का?” शून्य लिहीत होते तेव्हा पाच आठवड्यांत एकदाही फोन आला नव्हता.

त्या ३१ मध्ये शौचालयांजवळच्या दिव्यांची तक्रार सात वेळा होती. मावशींना सांगितलं, “मंजुरी यायचीय. गुरुवारी काय ते सांगते.” गुरुवारपर्यंत मंजुरी आली नाही. रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती, तरी गेले आणि तेच सांगितलं.

मावशींनी हंडा पुढं सरकवला. “बरं. मग आता कधी येणार सांगायला?”