तुम्ही विचारलंत म्हणून: बाळसं आणि सूज

"अंगणवाडीत गाणी म्हणायची, खिचडी वाटायची, याला कसलं आलंय ट्रेनिंग?" लग्नात, एसटीत, ग्रामपंचायतीत, सहा वर्षं हेच ऐकतेय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पालघरकडच्या बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पोरांच्या अंगणात जाऊन शिकवू लागल्या, अंगणवाडी सुरू झाली ती तिथूनच. तिथून आमचा पाडा लांब नाही. मणी ओवता ओवता बोटांना पेन्सिल धरायची ताकद येते, हेसुद्धा मला कुणीतरी शिकवावं लागलं. पण ते राहू द्या.

मी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले आणि प्रशिक्षणाची बॅच लागेपर्यंत सात महिने गेले. तोवर मदतनीस ताई दाखवतील तसं वजन करायचं, रजिस्टर भरायचं. श्रावणात एका दीड वर्षाच्या मुलीचं वजन एकदम वाढलं. गाल भरलेले, पाय गुबगुबीत. वाळे रुतायला लागले म्हणून आईने काढून ठेवले होते. मीच तिला म्हटलं, "अगं, बाळसं धरलंय पोरीनं!" आई केवढी खूश झाली. पोर मात्र किरकिर करायची, घास तोंडात घेत नव्हती, केस तांबूस झालेले. हे सगळं मी बघितलं होतं.

भादव्यात ती गेली.

दिवाळीनंतर ट्रेनिंग लागलं. बाईंनी सांगितलं, दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर ती सूज. मग वजन कितीही भरो, दंडाचा घेर धोक्याच्या 11.5 सेंटिमीटरच्या वर असो, मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि लगेच दवाखान्यात पाठवायचं. माझ्या डोळ्यांपुढे ते काढून ठेवलेले वाळे आले. पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मला कुणी शिकवलंच नव्हतं. न शिकवता पाड्यावर बसवलं, त्यांना विचारा. दोन-तीन वर्षं मी हेच म्हणत होते. पण न जेवणारं मूल आजारी असतं, हे कळायला ट्रेनिंग लागतं? मीही आईच की. तरी वाटतं, लागतं. काट्यावर आकडा वाढलेला दिसला की दुसरं काही दिसत नाही.

त्या पोरीच्या आईचा धाकटा आता माझ्याकडे येतो, तेच वाळे घालून. दर महिन्याला वजनाआधी मी ते वर सरकवते आणि अंगठा दाबते. "काय बघता हो ताई?" ती विचारते.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.