ट्राइकची नोंदवही: कोथरूड ते कात्रजचा जुना बोगदा

हिवाळा: मापं आणि जुळणी

ट्राइक, म्हणजे पाठ टेकून चालवायची तीन चाकी सायकल, घरी आली ती सुट्या भागांत. टॅडपोल बांधणीची आहे, म्हणजे पुढे दोन चाकं, मागे एक, आणि तिन्ही वीस इंची. सीट जमिनीपासून सव्वा वीत वर, पाय समोर, हँडल मांड्यांच्या दोन्ही बाजूंना. परदेशातून पुण्यात परतलेल्या एका कुटुंबाकडून जुनीच घेतली. मानेच्या मणक्यामुळे वाकून सायकल चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि सायकल सोडायची माझी तयारी नव्हती.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिले काही दिवस फक्त मापांना द्यावेत. पेडल ज्या नळीच्या टोकाला असतात तो बूम पुढेमागे सरकतो. टाच पेडलवर ठेवून पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा पेडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. बूम आखूड राहिला तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, लांब राहिला तर टाचेच्या वरची शीर आणि कंबर ओढली जाते. बूम एक इंच सरकवला की चेनची लांबी दोन इंचांनी बदलावी लागते, कारण चेन वरूनही जाते आणि खालूनही येते. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका चेन जोडताना म्हणाले, "ताई, ही तर तीन सायकलींची चेन एकटीच खाते." खरंच साधारण तेवढीच लागते. मधे ती कप्पीवरून आणि प्लास्टिकच्या नळ्यांमधून जाते, नाहीतर सलवार काळी झालीच म्हणून समजा.

दुसरं माप पुढच्या चाकांचं. दोन्ही चाकं वरून पाहिली तर समांतर, किंवा पुढच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर आत वळलेली हवीत. काका आणि मी मिळून मोजलं. मी सीटवर बसले, त्यांनी हबच्या उंचीवर रिमपासून रिमपर्यंतचं अंतर आधी ॲक्सलच्या पुढे आणि मग मागे घेतलं. आमच्याकडे पुढचं अंतरच जास्त निघालं. अशी चाकं रस्त्यावर सतत थोडी आडवी घासत राहतात, टायर काहीशे किलोमीटरमध्ये गुळगुळीत होतो आणि पायांना उगीचच जड लागतं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय-रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. लॉकनट सैल करून रॉड फिरवला की चाकं जवळ येतात किंवा लांब जातात. अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर ट्राइक हातानं ढकलतानाच फरक कळला.

टायरट्यूबची काळजी मला सर्वांत जास्त होती आणि तीच सर्वांत सहज मिटली. वीस इंच म्हटलं तरी मापं दोन असतात, ४०६ आणि ४५१ (टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये). माझी चाकं ४०६ ची आहेत, आणि मुलांच्या जाड टायरच्या वीस इंची सायकली, बीएमएक्स, बहुतेक घडीच्या सायकली याच मापाच्या असतात. त्यामुळे पेठेतल्या कुठल्याही दुकानात ट्यूब मिळते. फक्त रिमचं भोक पाहून घ्या. प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या बारीक भोकात आपल्याकडचा जाड व्हॉल्व्ह जात नाही.

आणि पेडल क्लीटचेच (बुटाच्या तळाला लावलेला तुकडा पेडलमध्ये अडकतो ते) घ्या, ही विनंती. पाय पेडलवरून निसटून टाच जमिनीला लागली तर ट्राइक पुढे जात राहते आणि पाय फ्रेमच्या खाली ओढला जातो. क्लीट नको असतील तर निदान टाचेला पट्टा बांधा.

फेब्रुवारी: नदीपात्र

सुरुवात सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली, मग पहाटे नदीपात्रातल्या रस्त्यावर. पुण्यात सपाट रस्ता शोधायचा तर मुठेच्या काठासारखी जागा नाही. तोल सांभाळायचा प्रश्नच नसल्यानं पहिल्या मिनिटाला ट्राइक चालवता येते, पण नीट चालवता यायला वेळ लागतो. पेडल जोरात दाबलं की पुढचा भाग डावी-उजवीकडे नागमोडी जातो. हँडल घट्ट धरलं तर ते आणखी वाढतं. बोटं हलकी ठेवायची, गिअर उतरवायचा आणि दाबण्याऐवजी पाय फिरवायचे. मिनिटाला ८०च्या आसपास फेरे ही सवय लागली आणि ट्राइक आपोआप सरळ धावायला लागली.

पाय मात्र नव्यानं घडवावे लागतात. वर्षानुवर्षं सायकल चालवूनही मांडीचा वरचा भाग आणि कुल्ले असे भरून यायचे की जिना चढताना जाणवायचं. बसण्याचा कोन बदलला की काम करणारे स्नायू बदलतात, शिवाय उभं राहून शरीराचं वजन पेडलवर टाकायची सोय इथे नाही. पहिले दीड-दोन महिने वेग कमी राहतो. त्या काळात घड्याळ बघू नका आणि बूमशी रोज खेळ करू नका, पायांना एकाच मापाची सवय होऊ द्या. तळवे बधिर होत असतील तर क्लीट टाचेच्या दिशेनं थोडे सरकवा. मला त्यानं लगेच बरं वाटलं.

मानेचं सांगायचं तर पाठ पूर्ण टेकलेली, मनगटांवर शून्य भार आणि नजर समोर. डोकं मात्र सारखं थोडं उचलून धरावं लागत होतं, म्हणून टेकण लावून घेतलं. ते बसवल्यापासून तास-दीड तास चालवून उतरले तरी मान मोकळी असते. गेली कित्येक वर्षं हे झालं नव्हतं.

मार्च: रहदारी

ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांना, डावा हात डाव्या चाकाला, उजवा उजव्याला. एकच दाबला तर ट्राइक त्या बाजूला खेचली जाते, तेव्हा दोन्ही सारखे दाबायची सवय रिकाम्या रस्त्यावरच लावून घ्या. थांबल्यावर लिव्हरभोवती वेल्क्रोचा पट्टा गुंडाळायचा, नाहीतर कोथरूडच्या उतारावर ती आपल्याला न विचारता निघून जाते.

वळणावर सायकल झुकते, ट्राइक झुकत नाही. म्हणून सगळा आडवा जोर चाकांवर येतो. पुढची चाकं लहान ठेवण्यामागे हेही एक कारण आहे, लहान चाक आडव्या जोराला जास्त दाद देत नाही. वेग वळणाआधीच कमी करायचा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झोकायचं. तसं केलं नाही तर आतलं चाक उचललं जातं.

खड्ड्यांचं गणित वेगळं आहे. सायकलीची रस्त्यावर एक रेघ उमटते, ट्राइकच्या तीन. एक खड्डा डाव्या चाकापासून वाचवला तर तो मागच्या चाकाला सापडतो. गतिरोधकावर तर मी पायी चालण्याच्या वेगानंच जाते.

दिसण्याबद्दल सगळे विचारतात. पाठीमागे उंच लवचीक काठीला भगवा-पिवळा झेंडा, दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा आणि दोन्ही बाजूंना आरसे, याशिवाय मी सोसायटीचं फाटक ओलांडत नाही. माझा अनुभव असा की गाड्या साध्या सायकलीपेक्षा ट्राइकला जास्त जागा सोडतात. मात्र बसेसचा धूर नेमका तोंडाच्या उंचीवर येतो, म्हणून पौड रस्त्यावर सातच्या आत परत फिरते. सिग्नलला रिक्षावाले दादा हमखास विचारतात, "ताई, बॅटरीवर आहे का? केवढ्याला पडली?" मी नेहमी पूर्ण उत्तर देते. एकानं तर गुडघे गेलेल्या वडिलांसाठी विचारलं आणि सिग्नल सुटला तरी तो कडेला थांबून ऐकत राहिला.

मग या गाड्या शर्यतीत का नसतात, हेही कुणी ना कुणी विचारतंच. फ्रान्समध्ये १९३३ साली फ्रान्सिस फॉर यानं शार्ल मोशेच्या दोन चाकी रिकंबंटवर (पाठ टेकून चालवायच्या सायकलवर) तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४चा ४४.२४७चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलीची व्याख्या अशी आखली की आडवी बैठक शर्यतीतून बाहेर पडली. ती बैठक बाहेर पडली नसती तर आज आपल्या दुकानांतही या गाड्या दिसल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल-मे: चांदणी चौकाचा चढ

या मोसमात जे शिकले त्यातलं एकच सांगायचं ठरवलं तर हे सांगेन: पुण्यात ट्राइक घेताना सर्वांत आधी तिचा सर्वांत लहान गिअर तपासा.

पुण्यातून कुठेही बाहेर पडा, चढ लागतोच. माझा रोजचा चढ म्हणजे कोथरूड डेपो ते चांदणी चौक. ट्राइकला पुढे ५२-३९-३० दात्यांच्या चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) होत्या, मागे कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ११ ते ३४ दात्यांची. मागच्या चाकाचा घेर साधारण दीड मीटर. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला ट्राइक १.३२ मीटर पुढे जायची. मिनिटाला ७० फेरे धरले तर ताशी साडेपाच किलोमीटर. वाचताना कमी वाटतो, पण उन्हात चढाच्या शेवटच्या टप्प्यात तेवढा वेगही मला जड जात होता.

साध्या सायकलवर याहून हळू जाण्यात अर्थ नसतो, कारण तोल जातो आणि चाक लडबडतं. ट्राइकला ही मर्यादाच नाही. ताशी तीननं जा, मधेच थांबा, पाणी प्या, बसल्या जागेवरून पुन्हा निघा. एकूण ८५ किलो वजन आणि सहा टक्के चढ धरून हिशेब करून पाहिला. ताशी ८ किलोमीटरनं चढायला सुमारे १२५ वॅट लागतात, ताशी साडेचारनं सुमारे ७०. सत्तर वॅट मी गप्पा मारत देऊ शकते.

म्हणून ३०ची चेनरिंग काढून २४ दात्यांची बसवली. रोड ट्रिपल क्रँकच्या (रस्त्यावरच्या सायकलींच्या तीन चेनरिंगच्या क्रँकच्या) आतल्या रिंगचे पाच बोल्ट ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, आणि त्या वर्तुळावर २४हून लहान रिंग बसत नाही. आता एका फेऱ्याला १.०६ मीटर. ३९वरून २४वर उतरताना चेन आत पडू नये म्हणून नळीला चेन अडवणारा छोटा आकडा लावला आहे. २४ची रिंग मागच्या मोठ्या तीन-चार चकत्यांबरोबरच वापरायची, लहान चकत्यांवर चेन लोंबते, कारण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि ताणून धरणारा भाग) एवढा सैलपणा ओढून घेऊ शकत नाही.

त्यानंतर चांदणी चौक हा चढ आहे हे विसरले नाही, पण त्याची धास्ती उरली नाही. बावधनकडे उतरून पाषाणच्या तलावापर्यंत जाऊन परत येणं हा आता नेहमीचा रस्ता झालाय.

पावसाळा

खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद, तेव्हा एनडीए रस्ता धरला. तिन्ही चाकांना मडगार्ड हवेतच, पुढची दोन चाकं पाणी थेट कोपरांवर आणि तोंडावर उडवतात. दुसरी अडचण मागच्या चाकाची. जवळजवळ दोन-तृतीयांश वजन पुढे असल्यानं ओल्या चढावर मागचं चाक जागीच फिरतं. पेडलवर झटका न देता एकसारखा जोर ठेवला तर पकड टिकते.

ऑक्टोबर: कात्रज

पाऊस ओसरल्यावर कात्रजचा जुना घाट. ट्राइक कात्रजपर्यंत टेम्पोतून नेली, नवले पुलाच्या उतारावर ती चालवायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. उजाडताच चढायला लागले, भिलारेवाडी मागे टाकून २४वर स्थिर. दोन सायकलस्वार पुढे गेले, एका वळणावर पाय टेकून उभे दिसले, मग पुन्हा पुढे गेले. मी दोनदा थांबले, दोन्ही वेळा सीटवर बसूनच, पाठ टेकून. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा दम लागलेला नव्हता. दरीकडे बघत चहा प्याले आणि वळले.

उतारावर ताशी ३५ची मर्यादा पाळली. एवढं खाली बसल्यावर तोही वेग भरपूर वाटतो. ब्रेक सतत घासत न ठेवता जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, म्हणजे डिस्कना थंड व्हायला वेळ मिळतो.

सिंहगडाचा घाट अजून हातात घेतलेला नाही. गोळेवाडीच्या पुढचा चढ कात्रजहून बराच खडा आहे आणि १.०६ मीटर तिथे पुरणार नाहीत असं हिशेब सांगतो. मागे ३६ दात्यांची कॅसेट बसवायचा विचार आहे. ज्यांनी वीस इंची मागच्या चाकावर ३६ किंवा ४० दाते बसवले असतील, त्यांनी डिरेलरचा खालचा पिंजरा जमिनीपासून किती वर राहतो ते मोजून सांगा. आपल्याकडच्या गतिरोधकांवर सर्वांत आधी तोच घासणार.