अण्णांची टेप

वजन ६४ किलो, उंची १६९ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.४. ऑफिसच्या तपासणीत मी दरवर्षी पास. यंदा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ निघालं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी विचारलं, "कंबर किती?" मी ठोकून दिलं, चौतीस. पँटचा नंबर.

घरी अण्णा हसले. कराडात चाळीस वर्षं पँटी शिवलेला माणूस. "तू पँट पोटाखाली बांधतोस. ते पँटचं माप, तुझं नव्हे." टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप सगळीकडून सारखी आडवी, श्वास सहज सोडलेला. मी पोट आत ओढलं. अण्णा टेप धरून नुसते उभे राहिले. गिऱ्हाईक किती वेळ दम धरणार, हे त्यांना पाठ. ३७ इंच. मग सीट, जिथे सगळ्यात रुंद तिथे: ३८. कंबर भागिले सीट, ०.९७. पुरुषांनी ०.९०च्या आत राहायचं, बायकांनी ०.८५च्या.

अण्णांच्या जुन्या वहीत माझ्या लग्नाच्या पँटचं माप निघालं. तेव्हा पँट बेंबीशी बांधायचो. कंबर २९, सीट ३६. म्हणजे सीट दोन इंच वाढली आणि कंबर आठ! हातपाय काडीसारखेच, म्हणून कुणाला पत्ता नाही. पोटातली, यकृताभोवतीची चरबी साखरेला जास्त नडते. मांड्यांवरची तेवढी नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक हे कधीपासून सांगताहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

बायकोचं माप ३२ आणि ३९. गुणोत्तरात पास, पण आपल्याकडच्या बायकांसाठीची कंबरेची ८० सेंटिमीटरची, म्हणजे साडेएकतीस इंचांची, रेघ तिने जेमतेम ओलांडलेली. तिने टेपलाच दोष दिला. जुनी टेप ताणते, हे खरंही आहे, पण ताणलेली टेप माप कमीच दाखवते.

मी आता नुसती कंबरच मोजतो. बारीक होताना सीटही उतरली तर गुणोत्तर जागचं हलत नाही, आणि उगाच हिरमोड होतो.

"लग्नाच्या पँटला शिवणीत दीड इंच जादा कापडाची माया ठेवली होती," अण्णा म्हणाले. "ती तू पहिल्या दोन वर्षांतच संपवलीस."

गेल्या रविवारी सकाळी साडेछत्तीस भरली. अण्णांनी वहीत लिहिली नाही. म्हणाले, "जेवून ये, मग बघू."