ग्रहणातलं मुसळ आणि दाव्यांची वही

मुसळ आणायचं कुठून, इथेच आमचं घोडं अडलं होतं. ठाण्यात, पाचपाखाडीतल्या टू बीएचकेत मिक्सर असतो, फार तर आल्या-लसणापुरता खलबत्ता. उखळ-मुसळ गावच्या घरातच राहिलेलं. त्यात 'ग्रहणात मुसळ उभं राहतं' हा दावा तपासायला आम्हाला मुसळं हवी होती दोन, आणि ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण तोंडावर आलं होतं.

मी औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे सोसायटीतल्या मुलांना वाटतं, मावशीकडे रोज काहीतरी धूर निघणारं असतं. गणपतीत 'सायन्सचं काहीतरी' करू या म्हणून ती मागे लागली. व्हिनेगर-सोड्याच्या ज्वालामुखीचा मला मनापासून कंटाळा आहे. म्हटलं, घरोघरी जा, मोठी माणसं छातीठोकपणे जे सांगतात ते लिहून आणा, त्यातलं जमेल ते तपासू. यादी झकास आली. ग्रहणात परातीत मुसळ उभं राहतं. गणपती खरंच दूध प्यायला होता. बुवाने लिंबू कापलं की रक्त निघतं. निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की कुत्री गाडीच्या टायरवर पाय वर करत नाहीत.

नियम मी एकच घातला. जो सांगतो त्यानेच दावा वहीत लिहायचा: काय दिसलं तर खरं, काय दिसलं तर खोटं, आणि खाली सही. लॅबमध्ये हेच चालतं. मर्यादा आधी ठरते, सॅम्पल नंतर तपासलं जातं. रिझल्ट हातात आल्यावर मर्यादा सरकवली तर ऑडिटर दारातच उभा करतो. मुलांना हा कागदी घोळ वाटला. पुढे सगळ्यात जास्त वेळ खरोखर ह्या घोळातच गेला.

मुसळाचा दावा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा. "अगं, आमच्या अंगणात मी डोळ्यांनी पाहिलंय. ग्रहण लागलं की उभं, सुटलं की आडवं." मी म्हटलं, "आजी, तुम्ही पाहिलं नाही असं म्हणत नाही मी. हे एवढंच वहीत लिहून द्या." लिहायला बसल्यावर प्रश्न निघत गेले. उभं आपोआप राहतं की कुणीतरी धरून ठेवायचं? आजी म्हणाल्या, ठेवायचं हाताने, पण हात सोडला की राहतं. परातीत पाणी हवं का? हवं. किती? बोटभर. ग्रहण सुटल्यावर लगेच पडतं की थोड्या वेळाने? इथे आजी थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, "लिही, अर्ध्या तासात."

त्यात एका कॉलेजातल्या मुलाने मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला: सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले की गुरुत्वाकर्षण वाढतं, म्हणून मुसळ उभं राहतं. आजींच्या दाव्यापेक्षा मला हा जास्त खटकला, कारण ह्याने विज्ञानाचा शर्ट घातला होता. तिघं जवळपास एका रेषेत दर पौर्णिमेला आणि अमावास्येला येतात, तेव्हा कुणी मुसळं उभी करत नाही. आणि चंद्रामुळे येणारा भरती-ओहोटीचा ओढा आपल्या इथल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा. मुलाला सांगितलं, तुझाही दावा वहीत लिही. त्याने लिहिला नाही.

आता दोन मुसळं कशाला? नव्या मुसळाचं टोक सपाट असतं. साधारण तीन फूट लांबीचं, तळाला दोन इंचांच्या आसपास जाडीचं मुसळ तीन अंशांहून थोडं जास्त कललं की पडतं, कारण त्याचा गुरुत्वमध्य तळाच्या कडेबाहेर जातो. म्हणजे हात स्थिर असेल आणि जमीन सपाट असेल, तर ते कुठल्याही दिवशी उभं राहतं. नुसतं हेच दाखवलं असतं तर आजी म्हणाल्या असत्या, एरवीही राहत असेल, पण ग्रहणाची गोष्ट वेगळी. म्हणून मला असं मुसळ हवं होतं, जे एरवी काही केल्या उभं राहत नाही. ग्रहणात ताकद असेल तर ती तिथे दिसायला हवी.

सपाट टोकाचं जांभळी नाक्यावर मिळालं. दुकानदाराने आधी विचारलं, "लग्न आहे का घरात?" परातीत पुन्हा पुन्हा ठेवून ते किती सरळ उभं राहतं हे मी तपासायला लागले, तेव्हा त्याने पुढे काही विचारलं नाही. झिजलेलं, गोल टोकाचं एका काकूंच्या माळ्यावरून निघालं, मुरुडच्या घरातलं. त्यांच्या सासूबाईंनी त्याने वर्षानुवर्षं पोहे कांडले होते. ते आम्ही चतुर्थीच्या आधीपासून उभं करायचा प्रयत्न करत होतो. मुलांनी केला, वॉचमनने केला, आजींनीही केला. हात सोडला की आडवं. आजींनीच वहीत लिहिलं: 'हे एरवी राहत नाही.' त्या वाक्यासाठी मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते.

ग्रहण रात्री ९.५७ ला लागणार, ११ च्या सुमारास खग्रास, १.२६ ला सुटणार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे मुलांचे घसे बसलेले आणि निम्मे पालक झोपेला आलेले. कम्युनिटी हॉलमध्ये स्पिरिट लेव्हल लावून फरशीचा सपाट कोपरा शोधला. दोन पितळी पराती, बोटभर पाणी, समोर स्टँडवर मोबाइल. लिफ्ट सुरू झाली की परातीतल्या पाण्यावर बारीक तरंग उठायचे, म्हणून सेक्रेटरींना विनवून त्या बाजूची लिफ्ट बंद ठेवली. दहाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्यावरून जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दोन्ही मुसळं आजींनीच ठेवायची हेही ठरलं होतं. वेध पाळून दुपारपासून पोटात काही नाही, तरी बाई खुर्चीत ताठ. सपाट टोकाचं मुसळ पहिल्या खेपेलाच उभं राहिलं, आणि हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की मलाच क्षणभर दाव्याच्या बाजूने वाटायला लागलं. ह्यात एक गोष्ट लक्षात आली. ग्रहणाच्या रात्री माणूस कंटाळत नाही. एरवी दोन वेळा पडलं की आपण मुसळ कोपऱ्यात ठेवून देतो. त्या रात्री श्वास रोखून, सगळ्या घरादारासमोर, उभं राहीपर्यंत प्रयत्न चालतो. उभं राहण्याचं अर्धं कारण मला वाटतं तिथेच आहे.

मुरुडचं मुसळ मात्र हललं नाही, म्हणजे उभं राहिलं नाही. खग्रास सुरू असताना आजींनी पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं. हॉलच्या खिडकीतून ढगांच्या फटीत तांबूस चंद्र मध्येच दिसायचा, मुलं तिकडे धावायची, परत यायची, मुसळ आडवंच. एक काका म्हणाले, "पाणी ठाण्याच्या नळाचं आहे, विहिरीचं हवं." आजींनीच त्यांना गप्प केलं: "लिहिलंय का तसं?"

१.२६ ला ग्रहण सुटलं. आजी वर जाऊन मोक्षाचं स्नान करून, केस पुसत परत आल्या. सपाट टोकाचं मुसळ उभंच होतं. दोन वाजून गेले तरी उभं. आजींनी वही मागितली, स्वतःच्या वाक्याखाली 'पडलं नाही' लिहिलं आणि म्हणाल्या, "आता चहा टाका कुणीतरी." ग्रहण त्या पुढेही पाळणार आहेत, तेही सांगून टाकलं. त्याला माझी काही हरकत नाही. तो दावा वहीत नव्हताच.

दुधाचं प्रकरण त्यामानाने लवकर उरकलं. २१ सप्टेंबर १९९५ ला मी शाळेत होते, देवळांबाहेरच्या रांगा मला आठवतात. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थराने अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध, दिसणार कसं? तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हा ओघळ दाखवला होता. आम्ही मूर्ती घेतलीच नाही. मूर्ती असली की सगळे मूर्तीकडे बघतात, चमच्याकडे कुणी बघत नाही. आम्ही घेतला वरवंटा. दुधात खायचा लाल रंग, आणि वरवंट्यानेही भाविकपणे चमचाभर दूध संपवलं.

लिंबाचा प्रयोग २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी केला. एका मुलीने आधीच युक्ती काढली होती: सुरीला हळद-चुना लावायचा, तो लाल होतोच. करून बघ म्हटलं. लिंबाचा रस लागताच लाल रंग परत पिवळा, कारण हळद लाल होते ती अल्कलीत, म्हणजे चुन्यासारख्या पदार्थात. लिंबाला आम्लात लाल होणारं काहीतरी हवं, म्हणून मिथाइल ऑरेंज हा लॅबमधला रंग. त्याचं द्रावण सुरीवर वाळवलं की दिसतसुद्धा नाही, आणि लिंबाचा रस लागला की भडक लाल. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी हे दाखवत आलेत. मिथाइल ऑरेंज विषारी आहे. सुरी, लिंबं, पाट, सगळं मी वेगळ्या पिशवीत बांधून स्वतः विल्हेवाट लावली. तोवर दोन मुलं सरबताचा जग घेऊन आलीच होती. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आपोआप पेटणारा होम कमिटीने साफ नाकारला, आणि कमिटीशी माझं क्वचित जुळतं, पण इथे जुळलं.

सध्या वहीत बाटल्यांचा दावा आहे, वॉचमनकाकांचा. पार्किंगच्या खांबांपैकी कुठे निळ्या पाण्याची बाटली, कुठे साध्या पाण्याची आणि कुठे काहीच नाही, हे नाणं उडवून ठरवायचं आहे. काका म्हणतात, सगळीकडे निळीच ठेवा, कुत्र्यांना फसवायचंच तर नीट फसवा. त्यांची सही अजून झालेली नाही. 'खोटं कधी मानायचं' ह्या रकान्यापाशी ते रोज येऊन पेन परत खिशात ठेवतात.